आडनाव जामदार, पण मूळ घराणं कुठलं? इंदूरहून मागे शोध कसा घ्यावा

राजवाडा_चौक (इंदूर)

आमचं घर इंदूरचं, निदान पाच पिढ्या. आडनाव जामदार. देशस्थ ऋग्वेदी, गोत्र कौशिक, कुलदैवत नेवाशाचे मोहिनीराज. हाताशी एवढंच आहे:

पणजोबा गोविंद, जन्म साधारण १८८५चा. त्यांचे वडील विष्णू. त्यामागचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

घरात एक मोडी कागद आहे, दोन बंद (कागदाचे लांबट तुकडे) एकमेकांना चिकटवलेले. आणि एका पितळी घंगाळावर ठिपक्यांनी नाव घातलंय, "सो. जामदार". हे "सो." काय ते कळत नाही. या अक्षराने सुरू होणारं नाव घराण्यात ऐकिवात नाही.

घरात सांगतात की पूर्वज मल्हाररावांबरोबर माळव्यात आले आणि फौजेत जमादार होते. हे खरं धरायचं का? ग्वाल्हेर आणि वडोदऱ्यातही जामदार आहेत, ते आमचे भाऊबंद असतील का? आणि सुरुवात कुठून करावी? थेट भोपाळचं अभिलेखागार गाठावं, असं एकाने सुचवलंय.

---

नर्मदाकाठ

भोपाळ शेवटी. आधी आडनावाचं बघू, कारण तिथेच गैरसमज आहे.

जामदार आणि जमादार हे दोन वेगळे शब्द. जमादार हा शिपायांच्या तुकडीचा नायक. जामदार हा जामदारखान्याचा अधिकारी. "जामा" म्हणजे वस्त्र, त्यावरून सरकारी वस्त्रं, पोशाख, दागिने आणि पुढे रोकडही जिथे ठेवत तो जामदारखाना. मानकऱ्याला पागोटं, शेला द्यायचा तर तो तिथून निघे आणि त्याचा हिशेब जामदार ठेवी. म्हणजे तुमचे पूर्वज तलवारीपेक्षा वहीजवळचे असण्याची शक्यता जास्त. मोडीत किंवा घाईच्या देवनागरीत काना एका अक्षराने सरकला की जामदारचा जमादार होतो. त्यामुळे छापील याद्यांत दोन्ही शब्द शोधा.

यातून दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. होळकर, शिंदे, गायकवाड, तिघांकडे जामदारखाने होते. ज्याच्याकडे ते काम आलं त्याच्या घराला ते नाव चिकटलं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, मुजुमदार, दफ्तरदार, सबनीस, कारखानीस ही सगळी याच जातीची आडनावं. "नीस" म्हणजे फारसी "नवीस", लिहिणारा. मुजुमदार म्हणजे मजमुआदार, जमाखर्च एकत्र करणारा. अशा नावावरून दरबारातलं काम कळतं, कूळ कळत नाही. देशस्थांत जामदार आहेत, मराठ्यांत आहेत, कायस्थ प्रभूंतही असू शकतात. हुद्द्याच्या आडनावाखाली जुनं आडनाव झाकलेलं असतं आणि तुम्हाला तेच शोधायचंय. तुमचं "सो." हे त्या झाकलेल्या नावाचं पहिलं अक्षर असावं. भांड्यांवर व्यक्तीचं नाव, वडिलांचं नाव किंवा उपनाव यांपैकी काहीही आद्याक्षराने घालत.

तीन शहरांतले जामदार एकच आहेत का, हे पाहायला कागद लागत नाहीत. दोन गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या घराशी कधी सोयरीक झाली आहे का? झाली असेल तर कूळ वेगळं, कारण सगोत्रात लग्न करत नसत. आणि त्यांच्याकडे कुणी गेल्यावर आपल्याकडे सुतक धरत होते का? दहा दिवस धरत असतील तर भाऊबंदकी नक्की, मग नातं आठवत नसलं तरी चालेल. नुसतं गोत्र जुळणं पुरेसं नाही, कौशिक गोत्राची असंख्य घराणी आहेत.

घरी करायची कामं, याच क्रमाने:

आधी श्राद्धाची वही. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह आणि आईकडचे तिघे यांची नावं घेतात. आजोबांनी कुणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला केलं हे कुठे तरी टिपलेलं असतं, बहुधा पोथीच्या शेवटच्या पानावर किंवा जुन्या पंचांगात. तिथून एक-दोन पिढ्या फुकट मिळतात.

मग स्त्रियांची नावं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव वेगळं असायचं, म्हणून एकच बाई दोन कागदांत दोन व्यक्ती दिसते. प्रत्येकीचं माहेरचं आडनाव आणि गाव लिहा. सोयरीक त्या काळी ओळखीतल्या पट्ट्यातच होई, त्यामुळे चार माहेरं एका भागातली निघाली तर तुमचं मूळ गावही त्याच भागात असण्याचा संभव मोठा.

शेवटी दत्तक. "विष्णूंचे वडील" म्हणून सापडलेला माणूस जन्मदाता की दत्तक बाप, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दत्तकाने गोत्र आणि आडनाव दोन्ही बदलू शकतं, आणि मग तुम्ही चुकीच्या घराच्या वंशावळीत चढत जाता.

---

मोडीवाचक

कागदाबद्दल. आधी नीट फोटो काढा. फ्लॅश नको. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असा ठेवा म्हणजे शाईचा उठाव दिसतो. शेजारी फूटपट्टी. दोन्ही बाजू, आणि जिथे बंद जोडलेत तिथला जवळून वेगळा फोटो. जोडावर काही वेळा शिक्का असतो आणि पाठीवर मागाहून कुणी तरी विषयाची ओळ लिहिलेली असते. ती सगळ्यात सोपी वाचायला. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर अजिबात नको, चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरतो आणि अक्षर पिवळ्या डागाखाली जातं.

मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकतात. शब्दांत अंतर नसतं. ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. म्हणून नावाचा शेवट कुठे आणि पुढचा शब्द कुठून हे अर्थावरूनच ठरतं. पूर्ण कागद लागला नाही तरी चार गोष्टी हेरा: मथळ्यावरचा प्रकार (सनद, याद, ताकीद, तालीक), तारखेची ओळ, "बिन" किंवा "वलद" हे शब्द (अमक्याचा मुलगा) आणि "उपनाव" हा शब्द. "कोम" आलं तर अमक्याची बायको. "मौ॥" म्हणजे मौजे, "क॥" म्हणजे कसबे, आणि यांच्या पुढचा शब्द गावाचं नाव.

"तालीक" असेल तर ती नक्कल आहे. नक्कल खोटी नसते, पण नक्कल करताना नावात चूक झालेली असू शकते. अखेरीस "मोर्तब सुद" (कागद मंजूर होऊन पुरा झाल्याची खूण) आणि शिक्का असेल तर अस्सल.

तारखेची ओळ जशी लागेल तशी इथे टाका. अर्धी लागली तरी चालेल.

---

राजवाडा_चौक

धन्यवाद. मोडी येणाऱ्या एका परिचितांनी काही ओळी लावून दिल्या. वर "याद" लिहिलंय. मग "छ ११ रबिलाखर सुहूर सन इसन्ने तिसैन". खाली कुठे तरी "शके १७१३ विरोधकृत नाम संवत्सरे". पुढे पागोटी, शेले, पातळं अशी यादी आणि आकडे. मधल्या एका ओळीत "विठ्ठल... उपनाव सोनगीरकर जामदार दिमत खासगी क॥ महेश्वर". विठ्ठलच्या पुढचं अक्षर फाटलंय. मोर्तब दिसत नाही.

म्हणजे "सो." सोनगीरकर! पण ही तारीख कशी लावायची? आणि इंदूरऐवजी महेश्वर का?

---

मोडीवाचक

उत्तम ओळ मिळाली. तारीख अशी लावतात.

सुहूर सन ही मराठी दप्तरांतली जुनी कालगणना. तिचे आकडे अरबी शब्दांत, एककापासून वर लिहितात. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशक: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. तुमच्या कागदात इसन्ने तिसैन, म्हणजे ९२. शंभर आणि हजाराचे शब्द लेखकाने गाळलेत, हे नेहमीचं. कागद माळव्यातल्या होळकरशाहीचा असल्याने ११९२ धरायचं.

सुहूर वर्ष मृगापासून सुरू होतं. कागद मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. "छ" म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. रबिलाखर त्या साली नोव्हेंबरच्या अखेरीस लागतो, म्हणून ११९२ + ५९९ = १७९१. छ ११ म्हणजे डिसेंबर १७९१ची ८ तारीख, एखादा दिवस मागेपुढे. चंद्रदर्शनापासून मोजणी असल्याने छच्या आकड्यात एक मिळवला की शुद्ध पक्षातली तिथी साधारण मिळते: इथे मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीच्या आसपास.

आता पडताळा. शके १७१३ अधिक ७८ = १७९१. संवत्सर तपासायला शकात १२ मिळवून ६०ने भागा: १७२५ भागिले ६०, बाकी ४५, आणि पंचेचाळिसावं संवत्सर विरोधकृत. तिन्ही जुळतात, कागदाची तारीख पक्की. संवत्सराचं नाव लिहिलेलं असणं फार उपयोगाचं, कारण शंभराचा शब्द गाळला असला तरी ते एका शतकाची चूक लगेच पकडतं.

एक खबरदारी. संवत्सराचा हा हिशेब दक्षिणी पद्धतीचा. उत्तरेकडच्या पंचांगात त्याच वर्षाचं संवत्सर वेगळ्या नावाचं असतं. उज्जैनच्या हिंदी कागदाला हे गणित लावू नका.

---

नर्मदाकाठ

महेश्वर का, ते या तारखेतच आहे. १७९१मध्ये अहिल्याबाई हयात होत्या आणि कारभार महेश्वरहून चाले. त्या १७९५मध्ये गेल्या. महिदपूरची लढाई डिसेंबर १८१७ची, मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८चा, आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. म्हणजे तुमचं घर इंदूरला बहुधा १८१८मध्ये किंवा त्यानंतर आलं. त्याआधीच्या काळात इंदूरची दप्तरं चाळू नका, महेश्वरची चाळा.

"दिमत खासगी" हे शब्द त्याहून मोलाचे. दिमत म्हणजे अमक्या खात्याकडचा. होळकरांकडे दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब होते. १७३४मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर झाली आणि ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. सरंजाम, फौज, वसुली हे दौलतीत. तुमचे विठ्ठलपंत खासगीच्या जामदारखान्यावर, म्हणून फौजेच्या हजेऱ्यांत ते सापडणार नाहीत. खासगीचे जमाखर्च, नेमणुका, देवस्थानं आणि वस्त्रांचे हिशेब मागा. जमादारीची कथा इथे सोडून द्यायला हरकत नाही. मल्हारराव १७६६मध्ये गेले, कागद त्यानंतर पंचवीस वर्षांनी. मल्हाररावांबरोबर आले हे या कागदाने सिद्धही होत नाही, खोटंही पडत नाही.

आणि हे कटू वाटेल, पण सांगायला हवं: कागद तुमच्या घरात आहे म्हणून त्यातला माणूस तुमचा पूर्वज ठरत नाही. ही सनद नाही, कामाची याद आहे. मोर्तब नाही, म्हणजे ती कचेरीतली कच्ची प्रत असू शकते आणि जामदारखान्यातल्या एखाद्या कारकुनाच्या घरी राहिली असेल. "सो. जामदार" असलेलं घंगाळ मात्र घरातलंच, आणि कागदात सोनगीरकर जामदार. दोन वेगळ्या वस्तूंत एकच जोडी आली, म्हणून तुमची बाजू बरीच मजबूत झाली. बाकी राहिलेला दुवा नावांचा आहे.

हिशेब मांडा. विठ्ठलपंत १७९१मध्ये हुद्द्यावर, म्हणजे जन्म १७६० किंवा त्याआधीचा. विष्णू, पणजोबांचे वडील, जन्म साधारण १८५५. मधली ९५ वर्षं. एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरली तर मध्ये दोन, फार तर तीन माणसं हवीत. याहून कमी-जास्त निघाली तर कुठे तरी गाठ चुकली. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, म्हणून विष्णू गोविंद, गोविंद विष्णू अशी साखळी फिरते आणि दोन पिढ्या एक समजल्या जातात. नुसत्या नावावर कधीच विसंबू नका, नाव अधिक बापाचं नाव अधिक साल असं त्रिकूट जुळवा.

---

लष्कर_ग्वाल्हेर

सोनगीरकर मिळालं म्हणून मूळ गाव सोनगीर असा निष्कर्ष काढायची घाई नको. "कर" लागलेलं गाव तीन प्रकारचं असतं: वतनाचं गाव, शेवटचा मुक्काम असलेलं गाव, आणि चाकरीचं गाव. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आणि तुमच्या इंदूरमध्ये उज्जैनकर, धारकर, बऱ्हाणपूरकर आहेत. ते मूळचे माळव्यातले किंवा बऱ्हाणपूरचे नव्हेत. तिथे काही पिढ्या राहून पुढच्या गावी गेले आणि नव्या गावाने त्यांना जुन्या मुक्कामाचं नाव दिलं. माणूस आपल्याच गावात राहत असेल तर त्याला कुणी त्या गावचा "कर" म्हणत नाही. होळकर घराणं होळ गावाबाहेर पडलं तेव्हाच ते होळकर.

धुळे जिल्ह्यातलं सोनगीर दक्षिणेतून माळव्यात जाण्याच्या वाटेवर, किल्ल्याखालचं गाव. मुक्कामाचं गाव असण्याची शक्यता तिथे चांगलीच आहे. तुमचं कुलदैवत नेवाशाचे मोहिनीराज, म्हणजे गोदावरी-प्रवरेचा पट्टा. तर नेवासे, मग सोनगीर, मग महेश्वर, मग इंदूर अशी वाट दिसते. ही वाट अजून तर्कच आहे. पण कुलदैवत सहसा बदलत नाही, आडनाव तीनदा बदलतं, म्हणून दिशा ठरवताना आडनावापेक्षा कुलदैवताला जास्त वजन द्या.

वतनाचं गाव होतं का हे तपासायची खूण: त्या गावात कुलकर्णी, जोशी किंवा देशपांडे अशा वृत्तिवंत घरात तुमचंच गोत्र आणि तुमचंच कुलदैवत आहे का? असेल तर ते बहुधा मागे राहिलेले भाऊ. थोरला गावात वतन सांभाळी, धाकटा चाकरीला बाहेर पडे.

हिंदी कागदांबद्दल दोन सूचना. पहिली, आपल्या नोंदी हिंदीत उतरताना ळचा ल होतो, काळे काले होतात. तुमच्या आडनावात ळ नाही, पण सोयऱ्यांची नावं शोधताना हे लागेल. दुसरी जास्त महत्त्वाची: आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखा. वद्य पक्षात मात्र महिन्याचं नाव एकाने पुढे जातं. आपला भाद्रपद वद्य म्हणजे त्यांचा आश्विन कृष्ण; पितृपक्ष तोच, नाव वेगळं. मराठी घरातली श्राद्धतिथी आणि हिंदी मृत्युनोंद यांत एक महिन्याचा फरक दिसला की लोक दोन वेगळी माणसं समजतात. तसंच फसली सन, म्हणजे महसुली वर्ष: दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, उत्तरेच्या फसलीत ५९२ किंवा ५९३. कागद कोणत्या कचेरीचा ते बघून ठरवा.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

वडोदऱ्याच्या बाजूने थोडंसं. इथले जामदार गायकवाडी जामदारखान्याचे. त्यांच्याशी नातं शोधायचं असेल तर गुजरात राज्य अभिलेखागाराच्या इथल्या दफ्तरात हुजूर फडणिशीचे मोडी कागद आहेत, आणि संस्थानच्या "आज्ञापत्रिके"त नेमणुका, बदल्या, पेन्शनी छापून येत. तारखांची अडचण इथेही आहे: गुजराती विक्रम संवत कार्तिकात बदलतो, माळव्यातला चैत्रात. चैत्र ते आश्विन या काळात दोन्हींत एकाचा फरक पडतो.

पण सोनगीरकर हे उपनाव इथल्या घरात निघालं नाही तर वडोदऱ्याचा नाद सोडा. हुद्दा एक, घरं वेगळी. सोयरीक-सुतकाची जी कसोटी वर सांगितली आहे ती लावून पंधरा मिनिटांत हा प्रश्न मिटवता येईल.

---

राजवाडा_चौक

आत्याला विचारलं. ग्वाल्हेरच्या जामदारांकडे तिच्या आत्याचं सासर होतं, म्हणजे ते घर आमच्या कुळाचं नाही. वडोदऱ्याचं कुणी आठवत नाही. श्राद्धाच्या वहीत विष्णूंच्या वर "नारायण" असं नाव आहे, तिथी माघ वद्य पंचमी, साल नाही. आता पुढचं पाऊल कुठलं? नाशिक की भोपाळ?

---

नर्मदाकाठ

नाशिक. एक पिढी हाती आली, आता मध्ये एक किंवा दोनच माणसं उरली, आणि ती एका ओळीत मिळण्याची जागा म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिकची नामावळी, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, आणि जवळचं म्हणजे उज्जैन. नर्मदेवरचं ओंकारेश्वरही विसरू नका, महेश्वरच्या घराला ते शेजारचं.

लोक तिथे एकच चूक करतात: "आम्ही इंदूरचे जामदार" असं सांगतात. उपाध्ये इंदूर काढून बघतात, दोन पिढ्यांच्या अलीकडच्या नोंदी मिळतात आणि शोध थांबतो. वह्या गाव आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात, आणि कोणत्या गावचे यजमान कोणत्या उपाध्यांचे हे पिढीजात ठरलेलं असतं. म्हणून चौकशी या क्रमाने करा: सोनगीरचे उपाध्ये कोण, मग महेश्वरचे कोण, मग नेवाशाचे, आणि शेवटी इंदूरचे. प्रत्येक ठिकाणी सोनगीरकर आणि जामदार ही दोन्ही नावं सांगा. जातीचं आणि गोत्राचंही सांगा, तेही वह्यांत असतं.

सोबत एका कागदावर आडवी वंशावळ न्या: विठ्ठल (१७९१, महेश्वर), रिकामी जागा, नारायण, विष्णू, गोविंद. भावांची नावं माहीत असतील तर तीही, कारण यात्रेला बहुधा एकच भाऊ जाई आणि बाकीच्यांची नावं तो लिहून येई. जुन्या नोंदी यजमानाच्या हातच्या, मोडीतल्या असतात: मी अमका, बाप अमका, आजा अमका, भाऊ, मुलगे, आई. नोंद सापडली की पूर्ण मजकूर जसाच्या तसा उतरवा, तारखेसकट, अर्थ लावायची घाई नको. फोटो परवानगी घेऊनच. दक्षिणा द्या, आणि तुमच्या पिढीची नोंद स्वतः लिहून या. त्यात मुलींची, सुनांची नावं आणि त्यांची माहेरंही लिहा, मागच्यांनी ती गाळली म्हणूनच आज अडतंय. हरिद्वारसह काही तीर्थांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदी जमवणाऱ्या संस्थेने घेतली आहेत, पण तिथेही मूळ गाव माहीत असल्याशिवाय काही हाती लागत नाही.

नारायण यांची मृत्युतिथी माघ वद्य पंचमी. नगरपालिकेच्या जुन्या मृत्यूनोंदींत किंवा हिंदी कागदांत ती फाल्गुन कृष्ण पंचमी म्हणून येईल. वरची सूचना इथे लागू पडते.

नाशिकनंतर भोपाळ. मध्य प्रदेश राज्य अभिलेखागारात जाताना ओळखपत्र आणि कामाचं कारण लिहिलेला अर्ज न्या. तिथे आडनावाने काहीही निघत नाही, खातं आणि साल यांनीच निघतं. मागणी अशी करा: होळकर, खासगी, साल अमुक ते अमुक, जमाखर्च आणि नेमणुका. पहिल्या फेरीत फक्त सूची बघा, दुसऱ्या फेरीत रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागा. दिवसाला दोन-तीनच रुमाल नीट वाचून होतात, त्यामुळे सालाची पट्टी अरुंद ठेवा: आधी १७८५ ते १७९५. तिथे विठ्ठलपंतांचं नाव बापाच्या नावासकट मिळालं तर एक पिढी वरही जाल. मग १८१८ ते १८३०, कारण राजधानी हलल्यावर कोण कुठल्या नेमणुकीवर इंदूरला आलं हे त्या काळातल्या याद्यांत असणार. विठ्ठल आणि नारायण यांच्या मधला माणूस तिथेच सापडायला हवा.

त्यानंतरच्या काळासाठी इंदूरमध्येच राहा: जुन्या शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर (पूर्ण नाव आणि बापाचा व्यवसाय), घराची जुनी रजिस्ट्री आणि नामांतरणाची प्रकरणं. नामांतरणात वारस म्हणून सगळ्या भावांची नावं येतात, म्हणून ते वंशावळीच्या दृष्टीने सगळ्यात पिकाऊ. पेन्शनीची किंवा इनामाची तक्रार रेसिडेन्सीपर्यंत गेली असेल तर ती सेंट्रल इंडिया एजन्सीच्या कागदांत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर शोधता येते. इंग्रजी हिज्जे तीन-चार प्रकारे टाकून बघा.

पुणे फक्त एका परिस्थितीत: सोनगीर किंवा नेवाशाला वतन किंवा इनाम होतं असं दिसलं तर. खानदेश १८१८मध्ये इंग्रजांकडे गेला आणि १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनने प्रत्येक इनामदाराकडून हक्काचे पुरावे मागवले. हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या इमारतीतच आहेत. वतनाच्या वारसा-प्रकरणांत वंशावळ जोडलेली असे. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, त्यामुळे ही प्रकरणं त्या सालापर्यंत चालू होती.

---

मोडीवाचक

नर्मदाकाठ यांच्या क्रमात एक भर. नाशिकला जाण्याआधी त्या यादेची पाठ आणि फाटलेल्या अक्षराचा जवळून फोटो घ्या. "विठ्ठल" पुढे फाटलेलं ते "पंत" नसून "बिन" किंवा वडिलांचं नावही असू शकतं. फाटलेल्या जागी शिरोरेघ किती लांब उरली आहे ते फूटपट्टीने मोजा आणि त्याच कागदात इतरत्र आलेल्या "पंत"ची लांबी मोजून शेजारी ठेवा. एकच हात, एकच लेखणी असली की शब्दाची लांबी फारशी बदलत नाही. जागा दुप्पट निघाली तर तिथे बापाचं नाव होतं, आणि मग पाठीवर उमटलेल्या शाईतून एखादं अक्षर तरी उलटं वाचता येईल. तो फोटो आरशातल्यासारखा उलटवून इथे टाका, आपण लावून बघू.